तिसरा ठिपका

“वहिनी, थांबा! पुसू नका, तारा आहे तो.”

वहिनींचा हात जागच्या जागी थांबला. पांढऱ्या हातमोज्यातल्या दोन बोटांत धरलेला मऊ कापडाचा बोळा फिल्मपासून केसभर अंतरावर होता. त्यांनी भिंगाला डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

“बरं. आणि हा?” त्यांनी बोट दाखवलं.

“कुठला?”

“हा काय एवढा ठसठशीत! तुमच्या डोळ्यांत काय वाटाणे बसवलेत का, वन्सं?”

मी वाकून पाहिलं. त्यांच्या बोटाखाली काहीच नव्हतं. नितळ फिल्म, आणि खालच्या दुधी काचेतून येणारा दिव्याचा उजेड.

“तिथे काही नाही, वहिनी.”

त्यांनी मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग छताकडे. मग पुन्हा भिंतीकडे. एखाद्या माशीमागे फिरावी तशी त्यांची नजर फिरत होती. पण आमच्या खोलीत माशी येणं शक्यच नव्हतं. दारात चपला काढायच्या, अंगावर कोट चढवायचा, केसांना फडकं बांधायचं, तेव्हा कुठे आत पाऊल टाकायचं.

“भिंतीवर पण आहे,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मी बघेन तिथे आहे.”

या गोष्टीला पन्नास वर्षं होऊन गेली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि वहिनी एकतीस. दादाला जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात माझी आई, वहिनींची पाच वर्षांची मुलगी चिमणी आणि आम्ही दोघी. आमचं घर वहिनींच्या डोळ्यांवर चालत होतं. हे मी अलंकारिक बोलत नाही. सिनेमाच्या फिल्म धुणाऱ्या एका लॅबमध्ये त्या निगेटिव्ह कापायचं, जोडायचं आणि साफ करायचं काम करत. मी त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर रीळ गुंडाळायला होते. निगेटिव्हला हात लावायची परवानगी मला नव्हती.

निगेटिव्ह म्हणजे सिनेमाचं मूळ. त्यावरून पुढे प्रती छापायच्या. त्यात सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे, हसणाऱ्याचे दात काळे, सूर्य म्हणजे शाईचा डाग. वहिनी दहा वर्षं हेच बघत होत्या. थिएटरात त्या कधी गेल्या नाहीत. “दिवसभर पीठ दळणाऱ्याला संध्याकाळी गिरणी दाखवू नये,” म्हणायच्या. मोठमोठे नट लॅबमध्ये यायचे आणि वहिनी त्यांना ओळखायच्या नाहीत. एकदा एका नटाला त्यांनी “बिल घेऊन आलात का?” असं विचारलं होतं. तो जाईपर्यंत आम्ही सगळ्याजणी तोंडात फडकी कोंबून बसलो होतो.

त्या आठवड्यात आमच्या टेबलावर जे रीळ होतं ते अवकाशात जाणाऱ्या माणसांच्या सिनेमाचं होतं. पण त्यात लढाई नाही, स्फोट नाही, राक्षस नाही. अकरा मिनिटांचं एकच दृश्य, तेवढाच सगळा सिनेमा. ताऱ्यांनी भरलेलं आकाश, त्यातून एक यान डावीकडून उजवीकडे जातं. बस. लॅबमध्ये त्या यानाचं नाव बैलगाडी पडलं होतं आणि ते काढणाऱ्या उंच, बारीक दिग्दर्शकाचं नाव गोगलगाय.

आमच्या साहेबांना सगळे घड्याळसाहेब म्हणत, कारण ते माणसाशी बोलताना मनगटाशी बोलत. पहिली प्रत छापून झाली तेव्हा ते म्हणाले होते, “अकरा मिनिटांत माझा जावई रुसून, जेवून, घरी परत जातो. यात काय होतंय काय?”

पण ती प्रत गोगलगायीने नाकारली. निगेटिव्हमध्ये रात्रीचं आकाश काचेसारखं नितळ दिसतं आणि तारे म्हणजे काळे ठिपके. धुळीचा कणही काळाच ठिपका. तो राहिला तर छापताना पांढरा उमटतो, आणि पडद्यावर क्षणभर एक खोटा तारा चमकून जातो. धावपळीच्या सिनेमात ते कुणाच्या लक्षात येत नाही. इथे आकाश अकरा मिनिटं तसंच समोर राहणार. त्याने सत्तेचाळीस खोटे तारे मोजले होते.

“शुक्रवारी दुपारी रीळ स्वच्छ पाहिजे,” घड्याळसाहेब वहिनींना म्हणाले होते. “पुन्हा एक जरी निघाला ना बाई, तर मग डब्यांच्या गोदामात जाऊन बसा. शेजारच्या टेबलावर कोण बसायचं आठवतंय ना?”

शेजारच्या टेबलावर मोठ्या बाई बसायच्या. वीस वर्षं काम केलं त्यांनी. वार्षिक तपासणीत डोळ्यांत काही दोष निघाला आणि दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं झालं.

म्हणून त्या बुधवारी, सकाळी साडेदहाला, वहिनींनी माझं मनगट धरलं. हातमोज्यातूनही त्यांची बोटं गार लागत होती.

“कुणाला बोलायचं नाही.”

“वहिनी, आत्ता दवाखान्यात जाऊ या. अर्ध्या दिवसाची रजा…”

“डोळ्यासाठी रजा? मागितली की संपलं. शुक्रवारपर्यंत. मग तुम्ही म्हणाल तिथे येते.”

“पण…”

“तुम्हाला चिमणीची शपथ आहे, वन्सं.”

आता वाटतं, तेव्हा शपथ मोडायला हवी होती. पण नोकरी गेली तर त्यांच्याबरोबर माझीही जाणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. शपथेच्या आड मीही लपले होते.

काम असं सुरू झालं. वहिनींचा उजवा डोळा बिघडला होता. डाव्याने त्या बघत, पण दोन्ही उघडे ठेवल्याशिवाय अंतराचा अंदाज येईना, आणि दोन्ही उघडे ठेवले की ते काळे ठिपके मधे येत. मग मी दुसरं भिंग घेऊन शेजारी बसले. हात त्यांचे, डोळे माझे. ठिपका दिसला की मी पुढची फ्रेम बघायची. तिथेही त्याच जागी असेल तर तारा. नसेल तर धूळ. आणि वहिनींनी दाखवूनही मला दिसलाच नाही, तर तो तिसरा ठिपका.

“हा?”

“तारा.”

“हा?”

“धूळ.”

“हा?”

“काही नाही, वहिनी.”

बोळा औषधात भिजवायचा, अलगद टेकवायचा, उचलायचा. जरा जोर पडला की ओरखडा, आणि मूळ गेलं म्हणजे गेलं. फ्रेम अंगठ्याच्या नखापेक्षा जराशीच मोठी. अशा पंधरा हजारांवर फ्रेम.

घड्याळसाहेब दारातून डोकावले. “काय चाललंय? पाढे पाठ करताय का दोघी?”

“वन्संना काम शिकवतेय,” वहिनी मान वर न करता म्हणाल्या. “उद्या तुम्हीच म्हणाल, माणसं तयार केली नाहीत.”

ते मनगटाकडे बघत निघून गेले.

दुपारनंतर वहिनींना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात विजा दिसू लागल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. “आभाळ आलंय का हो?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी बोळा पुन्हा औषधात बुडवला.

पण एक गोष्ट सांगितली नाही तर वहिनींवर अन्याय होईल. नुसत्या भीतीपोटी त्या तिथे बसल्या नव्हत्या. त्या रिळावर त्यांचा जीव जडला होता. डब्यातून काढताना त्याच्याकडे त्या ज्या नजरेने बघत, तसं दादा गेल्यापासून कशाकडे बघताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

“मला आवडतं हे,” डबा खाताना त्या म्हणाल्या. “कुणी बोलत नाही यात. तीन वर्षं झाली, जो येतो तो मला काहीतरी सांगायलाच येतो. असं कर, तसं कर, सावर. हे यान बघा. जातंय आपलं. कुणाला काही विचारत नाही, सांगत नाही.”

“हळू किती जातं पण.”

“आपल्याला सगळेच सिनेमे हळू, वन्सं. आपण फ्रेम-फ्रेमनेच बघतो. पण बाकीच्या सिनेमांत हळू बघितलं की काही उरत नाही. नुसता फरफटलेला हात नाहीतर अर्धवट मिटलेला डोळा. इथे कुठलीही फ्रेम उचला, पुरी असते.” त्यांनी घास खाली ठेवला. “दोन फ्रेममध्ये काही हललं नाही असं वाटतं. शंभर सोडून बघा. सगळं आभाळ जरासं कललेलं असतं. झोपलेल्या मुलीने कूस बदलावी तसं.”

गुरुवारी गोगलगाय स्वतः आला. दारात बूट काढून, कोट घालून, डोक्याला फडकं बांधून आत आला. त्या फडक्यात तो इतका विचित्र दिसत होता की मला हसू आवरेना. वहिनींनी मला कोपराने ढोसलं. उजव्या डोळ्यातलं पाणी त्याला दिसू नये म्हणून त्या तिरक्या बसल्या.

“त्रास देतोय तुम्हाला,” तो म्हणाला. “कंटाळा आला असेल.”

“एक विचारू का?” वहिनी म्हणाल्या. “हा तारा यानाच्या मागे जातो. बाकीचे मागे गेले की दिसेनासे होतात. हा दिसतोच, पण फिका होतो. चुकलंय का ते?”

तो फिल्मवर वाकला. मग खुर्ची ओढून बसला.

“यानाला तिथे खिडकी आहे. खरी काच बसवली होती. तो तारा काचेतून दिसतो.” त्याचा आवाज बदलला होता. “सात जणांना दाखवला हा सिनेमा. कुणाच्या लक्षात आलं नाही.”

“येईल कसं? माणसं पुढे काय होणार ते बघत बसतात.”

“आणि तुम्ही?”

“मला पुढचं बघायची मुभाच नाही. समोर असेल तेवढंच बघते.”

त्याने सांगितलं की तारे म्हणजे काळ्या कापडाला सुईने पाडलेली भोकं होती, मागे दिवे लावलेले. भोकं पाडायला त्याच्या आईला सात आठवडे लागले होते.

“तरीच,” वहिनी म्हणाल्या. “एकसारखी नाहीत म्हणून खरी वाटतात. इथे कोपऱ्यात दमल्या होत्या त्या. भोकं विरळ झालीत.”

गोगलगाय हसला, मग त्याने नाक पुसलं. जाताना म्हणाला, “रविवारी दुपारी मोठ्या सिनेमाच्या आधी याचा पहिला खेळ आहे. दोन खुर्च्या तुमच्यासाठी ठेवतो. काळं आभाळ बघायला या. तुम्ही पांढरंच पाहिलंय.”

“येईन,” वहिनी म्हणाल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या सिनेमाला हो म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यात खालून सावली चढायला लागली. “पाण्यात उभं राहिल्यासारखं वाटतंय,” त्या म्हणाल्या. दर तासाला मी विचारायची, कुठवर आली? त्या डावा डोळा झाकून हाताने दाखवायच्या. टेबलाच्या कडेपर्यंत. फिल्मपर्यंत. बारा वाजता म्हणाल्या, “आता तुमची हनुवटी दिसत नाही.”

“वहिनी, पाया पडते, उठा.”

“किती राहिलं?”

“तीनेक हजार फ्रेम.”

“मग काय उठता? बसा. हा?”

“तारा.”

“हा?”

“धूळ.”

“हा?”

मला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती. एक थेंब फिल्मवर पडला असता तर सगळंच संपलं असतं. मी घाई करायला लागले. शेवटी शेवटी पुढची फ्रेम न बघताच सांगू लागले. तारा. तारा. काही नाही. तारा. कधी एकदा संपतंय आणि यांना घेऊन पळते असं झालं होतं.

तीन वाजता रीळ डब्यात गेलं. साहेबांनी डब्यावर सही करायला सांगितली. वहिनींनी सही केली, ती रेषेच्या बोटभर वर. साहेब मनगटाकडे बघत होते, त्यांना दिसलं नाही. संध्याकाळी लॅबच्या छोट्या हॉलमध्ये प्रत चालवून पाहिली आणि ती पास झाली. म्हणे गोगलगाय सतत चष्मा पुसत होता.

दवाखाना बंद झाला होता. शनिवारी सकाळी गेलो.

डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यात बराच वेळ दिवा धरून पाहिलं. “ठिपके कधीपासून दिसत होते?”

“बुधवारपासून,” वहिनी म्हणाल्या.

“विजा?”

“बुधवारीच.”

“डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय,” म्हणत त्यांनी दिवा बंद केला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही कोण यांच्या?”

“नणंद.”

“माहीत होतं तुम्हाला?”

मी मान हलवली. त्या कागदावर लिहायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. त्या काळी नंतर माणसाला पाठीवर सपाट निजवत. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. रविवारी सकाळी मी गेले तेव्हा वहिनी तशाच पडून होत्या.

“आज रविवार ना?” त्या म्हणाल्या. “इथे काय करताय? जा सिनेमाला.”

“काहीतरीच काय! मला काय सिनेमा सुचतोय?”

“मला बघायचाय म्हणून जा. नीट बघा आणि येऊन सांगा. हळू सांगा. गाळून काही सांगायचं नाही.”

मी गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी वहिनींची पिशवी ठेवली. तीन दिवस जे आभाळ आम्ही पांढरं बघितलं होतं ते माझ्या समोर काळंभोर पसरलं, आणि त्यात ते ठिपके पेटले. यान आलं. लोकांनी शिट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, “अरे, ढकला रे त्याला!” सगळे हसले. माणसं उठून जाऊ लागली. मागच्या रांगेत एकजण घोरत होता. यान जात होतं. तो तारा यानाच्या मागे गेला आणि खिडकीतून फिका दिसत राहिला. थिएटरभर लोक होते, आणि ते कुठे बघायचं हे एकट्या मला माहीत होतं. आभाळाने कूस बदलली. खरंच, तसंच दिसलं. मी तोंडावर हात दाबून धरला.

आणि दहाव्या मिनिटाला, खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे त्या आईची भोकं विरळ झाली होती तिथे, एक तारा चमकला आणि गेला.

डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ. पण मी ओळखला. माझा होता तो. शुक्रवारी दुपारी पुढची फ्रेम न बघता मी ज्याला तारा म्हटलं होतं, तो.

संध्याकाळी मी वहिनींच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. अकरा मिनिटांचं सांगायला पाऊण तास लागला. त्या मधे मधे विचारत. काळं म्हणजे कसं काळं? काठाशी निळसर वाटतं का? फिका तारा दिसला? लोक काय म्हणाले?

“लोक गप्प बसले होते,” मी सांगितलं. “टाचणी पडली तर ऐकू येईल असे.”

पट्ट्यांखाली त्यांचे ओठ जरा हलले. मग म्हणाल्या, “खोटा एखादा?”

“एकही नाही.”

“वन्सं, खरं सांगा.”

“तुमच्या डोळ्याची शपथ, वहिनी. एकही नाही.”

त्यांनी चाचपून माझा हात शोधला आणि धरून ठेवला.

दहा दिवसांनी पट्ट्या सोडल्या. उजव्या डोळ्याला उजेडही कळत नव्हता. शपथेने असं काही होत नसतं, हे मला तेव्हाही समजत होतं.

सिनेमा आठवडाभरही चालला नाही. प्रती परत गेल्या, कुठे गेल्या कुणास ठाऊक. वहिनींचा डावा डोळा शाबूत होता, पण त्याने बघायला तो सिनेमाच कुठे राहिला नाही. त्या गोदामात गेल्या. एकोणीस वर्षं रिकामे डबे मोजून, पुसून, फळीवर लावत राहिल्या. त्यांनी लावलेल्या डब्यांवर बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नसे. कधी त्या सिनेमाचा विषय निघाला की एवढंच म्हणायच्या, “स्वच्छ दिलं होतं हो आपण.” मी हो म्हणायची. सांगायचं म्हणून किती वेळा तोंड उघडलं आणि चहा विचारून मिटलं. सात वर्षांपूर्वी त्या गेल्या.

गेल्या महिन्यात चिमणी आली. ती आता स्वतः आजी झालीय, पण माझ्यासाठी चिमणीच. आल्या आल्या म्हणाली, “आत्या, आईचा तो बैलगाडीचा सिनेमा सापडलाय! कुठल्याशा गोदामात निगेटिव्ह मिळालं. नवा करून लावलाय.” तिने कॉम्प्युटर माझ्या पुढ्यात ठेवला, पडदे ओढले आणि शेजारी बसली.

काळं आभाळ आलं. यान निघालं. चिमणी थोड्या वेळाने चुळबुळ करायला लागली. “यात पुढे काय होतं गं?”

“बघ नुसती.”

खिडकीतला तारा फिका झाला. आभाळाने कूस बदलली. नववं मिनिट संपलं तशी मी पुढे सरकले. मी खालच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा लववली नाही. वहिनींच्या माघारी तेवढा एक ठिपका आम्हा दोघींचा म्हणून उरला असेल, असं मला वाटलं होतं.

दहावं मिनिट आलं आणि गेलं. काही चमकलं नाही.

“मागे घे जरा.”

तिने मागे घेतलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

“काय शोधतेयस?” चिमणी म्हणाली. “आता यंत्राने साफ करतात, आत्या. एकूण एक डाग काढलाय. काय स्वच्छ दिसतंय बघ!”

एकही नाही, असं मी वहिनींना सांगितलं होतं. आता ते खरं झालं होतं.

सिनेमा संपला. पडदा काळा झाला आणि त्यावर आमचे दोन चेहरे दिसायला लागले. माझ्या चेहऱ्याच्या जरा खाली, काचेवर, धुळीचा एक कण होता. चिमणीने रुमाल पुढे केला.

“राहू दे,” मी म्हटलं. “पुसू नकोस.”